थांगका आणि संगणकाची नजर

थांगका या तिबेटी धार्मिक चित्रांमधल्या देवता ओळखायला संगणकाला शिकवायचं, तर नुसती हजारो छायाचित्रं पुरवून भागणार नाही. त्याला आधी चित्रकाराची मोजमापं शिकवायला हवीत. माणसांची शरीरस्थिती ओळखणाऱ्या अनेक प्रणाली नाक, डोळे, खांदे, कोपर, गुडघे असे 17 बिंदू शोधतात. अकरा मुखांच्या, हजार हातांच्या अवलोकितेश्वरापुढे हा हिशेब कोलमडतो. श्वेत तारा या देवीला सात डोळे: तीन चेहऱ्यावर, उरलेले तळहातांवर आणि तळपायांवर. चित्र लहान करून प्रणालीत घातलं की नेमके हेच चार डोळे पुसले जातात आणि ओळखीची मोठी खूण हातची जाते.

पवित्र प्रतिमा आकड्यांत कोंबणं अनेकांना खटकतं. ही भावना मी समजू शकतो, पण तिला उत्तर परंपरेतच आहे. रंगाला हात लावण्यापूर्वी चित्रकार रेषांची जाळी आखतो. कालचक्र परंपरेत बुद्धाच्या देहाचं प्रमाण 125 अंगुळांचं धरतात. मग सगळंच नियमानं ठरलेलं असेल, तर संगणकाला नवं काय सापडणार? नियम एक असला तरी हात वेगवेगळे असतात. भुवईचा बाक, चेहऱ्याची रुंदी यांतले बारीक फरक शेकडो चित्रांत न थकता मोजले, तर शैलीचा माग काढता येईल. निवाडा अर्थातच जाणकारांनी करायचा. मोजणीला उपयोगी खुणा चित्राच्या मागेही असतात: अनेक थांगकांच्या पाठीवर, देवतेच्या कपाळ, कंठ आणि हृदयामागे ॐ, आः, हूं ही अक्षरं लिहिलेली असतात. म्हणून संग्रहालयांनी चित्रांची मागची बाजूही तितक्याच काळजीनं टिपावी.