घर आणि कायदा : फ्लॅटचं मुख्य दार बदलताना



अणदूरसारख्या गावात स्वतःच्या जागेवर बांधलेल्या घराचं दार फिरवायचं ठरलं, की गवंडी आणि सुतार गाठायचा आणि काम सुरू करायचं. त्याच घरातला मुलगा सोलापूर-पुण्याला फ्लॅट घेतो. वडील बघायला येतात आणि म्हणतात, ‘‘दार दक्षिणेला आलंय, फिरवून घे.’’ फ्लॅटमध्ये मात्र हा निर्णय एकट्याचा राहत नाही.

उंबऱ्याबाहेरचा पॅसेज, जिना, लॉबी आणि इमारतीच्या मुख्य भिंती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 नुसार सामाईक असतात. इमारतीच्या मजबुतीला धोका पोचेल किंवा तिची किंमत घटेल असं काम कुणाही मालकाला करता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमधल्या बदलांना समितीची आधी घेतलेली लेखी परवानगी लागते. अध्यक्ष जिन्यात भेटल्यावर ‘करा की’ म्हणाले, ही परवानगी नव्हे.

जुन्या दाराला वाळवी लागली म्हणून त्याच चौकटीत त्याच मापाचं दार बसवणं ही दुरुस्ती झाली. त्यासाठी सचिवांना पत्र द्यावं, दाराच्या रंगरूपाबद्दल संस्थेचा ठराव असल्यास तो पाहावा. अशा कामात समितीने अडवणूक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भिंत फोडून दाराची जागा बदलणं ही वेगळी गोष्ट. तालुक्याच्या गावांतल्या अनेक दुमजली-तिमजली इमारती कॉलमवर नाहीत, भिंतींवर उभ्या आहेत. अशा भिंतीत कोपऱ्यालगत नवं दार पाडलं, की वरच्या मजल्यांचा भार पेलणारा भागच कमी होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंपाने भिंती कोसळून काय झालं, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. कॉलम असलेल्या इमारतीतही कुठली भिंत फोडता येते, हे गवंड्याने ठरवायचं नसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्यावं. मूळ रचनेला हात लागणार असेल, तर बांधकाम परवाना देणाऱ्या कार्यालयाचीही मंजुरी पाहावी लागते, संस्थेचा होकार तिथे पुरत नाही. शिवाय रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. भिंत तुम्ही फोडलीत, तर पुढच्या भेगांसाठी तो तुमच्याकडेच बोट दाखवील.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते सेफ्टी डोअरकडे. जाळीचं लोखंडी दार बाहेरच्या बाजूला बसवतात आणि ते पॅसेजमध्ये उघडतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार उघडलेल्या दारामुळे जिन्याची किंवा पायऱ्यांलगतच्या मोकळ्या जागेची रुंदी 900 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. आग लागली आणि धुराने जिना भरला, तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला त्याच अर्ध्या उघड्या दाराला चुकवत उतरावं लागेल. चोरीची भीती खरी आहे, पण हे दार चौकटीच्या आत, घरात उघडणारं बसवता येतं.

परवानगी नाकारली गेली, तर कारण लेखी मागा. न पटल्यास तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करता येतो, वाद वाढला तर सहकार न्यायालय आहे. सुताराला आगाऊ रक्कम देण्याआधी समितीकडे दिलेल्या अर्जाची पोच हातात घ्या.