आधी वारा, मग पाणी

संगणकाच्या पेटीतील पंखे काढून टाकावेत व तिच्यात पाणी खेळवावे, म्हणजे यंत्र थंडगार राहील, अशी एक समजूत आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत रूढ होऊ लागली आहे. हौस वाईट नव्हे. परंतु या साहित्याला बराच पैसा पडतो, आणि इच्छापोरच्या आमच्या वस्तीत तो घरखर्चातूनच बाजूला काढावा लागतो. तेव्हा तो खर्च करण्यापूर्वी पेटीतला वारा कोठून येतो व कोठे जातो एवढे तरी पाहून घ्यावे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. माठातील पाणी गार होते ते पाझरून; बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. संगणकातील पाणी मात्र बंद नळ्यांतून फिरत असते. ते नुसते हमाल आहे. प्रोसेसरवर बसविलेल्या धातूच्या ठोकळ्यातून ते उष्णता उचलते आणि पातळ पत्र्यांच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, नेऊन टाकते. तेथून पुढे ती वाहून नेतो तो वाराच, आणि तोही पंख्याचा! खोलीतील हवा 36 अंशांवर असेल, तर हे पाणी 36 अंशांच्या खाली कधीही उतरणार नाही. सुरतेच्या वैशाखात हे विसरून चालावयाचे नाही.

मग पाण्याचा उपयोग काय? तो मोठा आहे. सारख्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकते. समजा, पेटीतील यंत्र 300 वॅट उष्णता बाहेर टाकीत आहे, आणि आतून जाणारी हवा 10 अंशांहून अधिक तापू द्यावयाची नाही. तर दर सेकंदाला सुमारे 25 लिटर हवा, म्हणजे मोठ्या बादलीपेक्षा अधिक, पेटीतून गेली पाहिजे. तेच काम पाण्याकडून करून घ्यावयाचे तर मिनिटाला अर्धा लिटरही लागत नाही. जिज्ञासू विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

या गुणामुळेच मोठ्या यंत्रांना पाण्याचा आश्रय घ्यावा लागतो. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याच मालिकेतील ‘परम ब्रह्म’ 2019 साली पुण्याच्या आयसर या संस्थेत बसविण्यात आला. सेकंदाला 797 लाख कोटी गणिती क्रिया करण्याची त्याची तेव्हाची कमाल क्षमता. आणि त्याच्या तापलेल्या भागांना लगटून द्रव खेळविण्याची योजना त्यात आहे. पण तेथेही पाण्याने उचललेली उष्णता शेवटी बाहेरच्या हवेतच जावयाची.

आता आपल्या टेबलाखालच्या पेटीकडे वळू. गोमंतकातील जुन्या घरांत मधोमध राजांगण असे. एका बाजूने वारा शिरे, घरभर फिरे व वाट मिळेल तेथून निघून जाई. पेटीचेही तसेच आहे. हवा समोरून व खालून घ्यावी, मागून व वरून सोडावी. गरम हवा आपोआप वर जाते हे खरे, पण पंख्याच्या जोरापुढे तो जोर क्षुल्लक. सर्वच पंखे आत फुंकू लागले किंवा पेटी भिंतीला चिकटवून ठेवली, तर तीच गरम हवा आतल्या आत फिरत राहते. टेबलाच्या बंद कप्प्यात पेटी कोंबण्याची रीत आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. तिच्यापुढे कोणताही पंखा हात टेकतो.

हजिऱ्याच्या रस्त्यावरील धूळ आपल्या परिचयाची आहे. म्हणून आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवावी व येण्याच्या तोंडाशी जाळी लावावी. असे केल्यास फटींतून धूळ ओढली जात नाही. जाळी मात्र वेळोवेळी धुवावी लागते; हे काम कोणालाच आवडत नाही. लहान पंखा जोराने फिरविण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरविणे बरे. गती निम्मी केली की हवा निम्मी होते, पण पंख्याला लागणारी शक्ती सुमारे एक-अष्टमांशावर येते, आणि आवाजही पुष्कळ उतरतो.

परीक्षा सोपी आहे. पेटलेली उदबत्ती क्षणभर प्रत्येक झरोक्यापाशी धरावी. धूर आत ओढला जातो की बाहेर लोटला जातो ते तत्काळ दिसते. नंतर यंत्राला अर्धा तास जड काम देऊन प्रोसेसरचे तपमान टिपावे. पेटीची बाजूची फळी काढून, खोलीचे तपमान तेवढेच असताना, तेच काम पुन्हा द्यावे. फळी काढताच आकडा पाच-सात अंशांनी घसरला, तर दोष वाऱ्याच्या वाटेत आहे, आणि तो एखाद-दुसऱ्या साध्या पंख्याने निवारता येईल. आकडा हललाच नाही, तरच पाण्याचा विचार करावा.

तो करतानाही वाऱ्याचा हिशेब सुटत नाही. प्रोसेसरवरील पंखा काढला की त्याचा झोत ज्या आसपासच्या भागांना आयता मिळत होता, ते उघडे पडतात. विशेषतः मदरबोर्डावरील वीजपुरवठ्याचे भाग. त्यांच्यासाठी एक पंखा राखून ठेवावा. रेडिएटर समोर बसविला तर प्रोसेसरला ताजी हवा लाभते, पण ग्राफिक्स कार्डाला तीच तापून मिळते. वर बसविला तर याच्या उलट. ज्या भागावर कामाचा भार अधिक, त्याचा पक्ष घ्यावा. पंप मात्र सर्वांत उंच जागी कधीही येऊ देऊ नये, कारण नळ्यांतील हवेचे बुडबुडे वर चढून तेथेच साठतात, आणि मग पंप पाण्याऐवजी हवाच घुसळीत बसतो.