पोरगं पुन्हा चुकेल का?

मे २०२४ मधली पुण्याची घटना तुम्हाला आठवत असेल. कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि काही तासांत त्याला जामीन मिळाला. त्यातली एक अट होती, ३०० शब्दांचा निबंध! लोक चिडले, ते साहजिकच होतं. पण वाद ‘निबंध की तुरुंग’ एवढ्यावरच अडकला. या दोन्हींच्या आधी एक काम असतं, ते म्हणजे मूल्यमापन. आज त्याबद्दल बोलू.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. समजा, देवणी तालुक्यातला सोळा वर्षांचा मुलगा मोटारसायकल चोरताना सापडला. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, शाळा सुटलेली, संगत मोठ्या पोरांची. गाव विचारतं, “हे पुन्हा चोरी करणार का?” प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा: काय बदललं तर करणार नाही?

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळाला द्यायचा असतो. त्यात ही दोन्ही उत्तरं यायला हवीत. पहिला गुन्हा कोणत्या वयात झाला, हे आता बदलता येत नाही. संगत, व्यसन, शाळा, घरची देखरेख मात्र बदलता येते. पुनर्वसनाचं काम इथेच असतं.

कॅनडाचे अँड्र्यूज आणि बोंटा यांनी याचं साधं सूत्र मांडलं. धोका जास्त तिथे मदत जास्त; मदत नेमक्या गरजेवर; आणि त्या मुलाला उमजेल अशा पद्धतीने. उलटही लक्षात घ्या. पहिल्यांदाच चुकलेल्या मुलाला सराईत मुलांत ठेवलं, तर तो सुधारण्याऐवजी बिघडू शकतो.

आता तुमचा भाग. अधिकारी चौकशीला आले की आपण म्हणतो, “वाया गेलेलं पोरगं आहे, साहेब.” यातून काहीच कळत नाही. तो शाळेत कधीपासून येत नाही, कुणाबरोबर फिरतो, मामाचं ऐकतो की आजीचं, हातात कोणतं काम आहे, हे सांगा. मंडळासमोर तो मुलगा काही मिनिटंच उभा राहतो. तुम्ही त्याला जन्मापासून बघताय.