ऑनलाइन लिलावांत माल विकणें व घेणें

लिलाव हा शब्द वऱ्हाडांतील शेतकऱ्यास दोन प्रकारांनीं ठाऊक आहे. एक, बाजार समितीच्या आवारांत ढिगाभोंवतीं जमलेल्या व्यापाऱ्यांची बोली. आणि दुसरा, कर्ज थकलें म्हणजे दारीं येणारा जप्तीचा लिलाव. पहिल्यांत तो विकणारा असतो, दुसऱ्यांत त्याचेंच विकलें जातें. हे दोन्ही लिलाव आतां मोबाइलच्या पडद्यावर होऊं लागले आहेत. साखरखेर्डा व आसपासच्या गांवचे शेतकरी आपला माल मेहकर, चिखली, देऊळगांव राजा किंवा जिल्ह्याची हद्द ओलांडून जालना ह्या बाजारांत नेतात. त्यांच्याकडून हल्लीं एक प्रश्न वारंवार येतो, तो असा कीं ऑनलाइन लिलावांत भाव खरोखरच अधिक मिळतो काय. त्याचें उत्तर आम्ही आरंभींच देतों: पडदा भाव वाढवीत नाहीं. भाव वाढतो तो बोली बोलणारांच्या संख्येनें, आणि न पाहिलेल्या मालाविषयीं त्यांस वाटणाऱ्या भरंवशानें. ह्या दोन गोष्टी जेथें आहेत तेथें ऑनलाइन लिलाव शेतकऱ्याच्या हिताचा आहे; जेथें नाहींत तेथें जुनाच सौदा नव्या यंत्रांत लिहिला जातो, इतकेंच.

पूर्वीं सौदा कसा होत असे हें तरुण वाचकांस सांगितलें पाहिजे. त्यास हत्ता पद्धत म्हणत. अडत्या व खरेदीदार रुमालाखालीं हातांत हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवीत. ज्याचा माल, तो जवळच उभा असे. परंतु रुमालाखालीं काय चाललें आहे हें त्यास कळत नसे. ही लबाडी मोडण्याच्या कामीं आपला वऱ्हाड प्रांत पुढें होता. कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानें नियमाखालीं आला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढें सबंध महाराष्ट्रास १९६३ चा कायदा लागू झाला व उघड लिलाव ही रीत ठरली. भाव मोठ्यानें बोलला जाऊं लागला, ही सुधारणा लहान नव्हे. परंतु उघड लिलावांतही बोलणारे तेच आठदहा व्यापारी, रोज एकमेकांस भेटणारे. दहांनीं एका ढिगावर चढाओढ करण्याऐवजीं पाळीपाळीनें ढीग वांटून घेतले, तर त्यास कायदा काय करणार?

ह्या दुखण्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारनें १४ एप्रिल २०१६ रोजीं राष्ट्रीय कृषि बाजार, म्हणजे ई-नाम, सुरू केला. आठ राज्यांतील २१ बाजारांपासून आरंभ झाला. आज देशांतील १३०० हून अधिक बाजार त्यास जोडलेले असून त्यांत महाराष्ट्रांतील शंभरांहून अधिक बाजार समित्या आहेत. कल्पना अशी कीं चिखलीच्या ढिगावर लातूरच्या तेलगिरणीनें किंवा परराज्यांतील दालमिलनेंही बोली बोलावी. ह्याकरितां राज्यांना तीन अटी घातल्या: व्यापाऱ्याचा परवाना सबंध राज्यांत चालावा, बाजार फी एकदांच घ्यावी, आणि भाव संगणकावरील लिलावानें ठरावा.

आतां मालाचा प्रवास. शेतकऱ्यानें प्रथम नांव नोंदवावें लागतें; ओळखपत्र व बँकेचें पासबुक पुरतें, आणि नोंदणी मोबाइलवरून किंवा बाजाराच्या फाटकावरही होते. फाटकावर माल आला म्हणजे त्यास लॉटचा नंबर मिळतो. नंतर नमुना काढून तपासणीस जातो, व ओलावा, काडीकचरा, डागी व फुटका दाणा ह्यांचें प्रमाण संगणकांत चढविलें जातें. मग ठरलेल्या मुदतींत परवानाधारक व्यापारी आपापल्या जागेवरून बोली टाकतात. मुदत संपली कीं सर्वांत मोठी बोली शेतकऱ्यास कळविली जाते. ती मान्य करावी कीं नाहीं हें सर्वस्वी त्याच्या हातीं असतें. मान्य केल्यास माल काट्यावर जातो, पट्टी निघते व पैसे बँकेच्या खात्यांत येतात. आपली बाजार समिती ह्यांत आहे कीं नाहीं, व असल्यास आपल्या पिकाचा लिलाव तेथें प्रत्यक्ष संगणकावर होतो कीं नाहीं, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत व दोन्ही विचारावेत. कांहीं ठिकाणीं बोली तोंडीच होते आणि ठरलेला आंकडा मागाहून संगणकांत भरला जातो. त्यास ऑनलाइन लिलाव म्हणणें म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी पाहणें होय.

ह्या साखळींतील सर्वांत मोलाची कडी म्हणजे नमुना. ओट्यावरील व्यापारी ढिगांत हात घालतो, दाणा दांतांखालीं चावून ओलावा ओळखतो. दूरच्या व्यापाऱ्यास हें करतां येत नाहीं. त्याच्यापुढें फक्त तपासणीचे आंकडे असतात. ते आंकडे नसले, किंवा ते कोणी घाईंत अंदाजानें भरले असें त्यास वाटलें, तर तो बोलतच नाहीं, अथवा धोका धरून शेंदोनशें रुपये खालीं बोलतो. म्हणून नमुना काढतांना शेतकऱ्यानें स्वतः हजर राहावें. पोत्याच्या वरच्या थरांतून नव्हे, तर तळ, मध्य व कडा अशा ठिकाणांहून थोडाथोडा माल घेऊन तो एकत्र मिसळला जातो कीं नाहीं हें पाहावें. तपासणीचा कागद मागून घ्यावा. आणि उलट बाजूनेंही सांगितलें पाहिजे: वरच्या पोत्यांत सुका माल व आंत पावसानें भिजलेल्या सुडीचा माल घालणारे शेतकरीही आपल्यांतच आहेत. काट्यावर पोतें उघडतांच तो सौदा तंट्यांत जातो. आणि ज्या बाजाराचा नमुना खोटा ठरतो त्या बाजारावर दूरचा व्यापारी पुन्हां बोली टाकीत नाहीं. एकाच्या लबाडीचा भुर्दंड सबंध तालुका भरतो.

ओलाव्याचा हिशेब पुष्कळांस अवघड वाटतो, म्हणून तो येथें मांडतों. समजा, मळणीनंतर लगेच २० क्विंटल सोयाबीन बाजारांत नेलें व त्यांत शेंकडा १६ ओलावा निघाला. म्हणजे त्यांत कोरडा दाणा १६.८ क्विंटल व पाणी ३.२ क्विंटल. हाच माल वाळवून ओलावा १२ वर आणला तर वजन सुमारें १९.१ क्विंटल भरेल. वजनांत जवळजवळ ९० किलोंची घट येईल. ही घट पाहूनच कित्येकजण ओला माल तसाच नेतात. परंतु ओल्या मालास ४,३०० व वाळलेल्यास ४,६०० रुपये बोली आली असें धरा. पहिल्याचे ८६,००० रुपये होतात, दुसऱ्याचे सुमारें ८७,८००. वाळवणीची मजुरी ह्या फरकाहून कमी असेल तर वाळवावें, अधिक असेल तर वाळवूं नये. ४,५०५ रुपयांच्या आसपास दोन्ही बाजू समान होतात. ह्यापलीकडे आणखी एक गोष्ट आहे. २०२५-२६ च्या हंगामाकरितां सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला, पण सरकारी खरेदीस ओलाव्याची नेहमींची मर्यादा शेंकडा १२ ची असते. नोव्हेंबर २०२४ मध्यें ती १५ पर्यंत सैल केली होती खरी. तथापि अशा सवलतीवर विसंबून कोणी माल ओला ठेवूं नये. लिलावांतील बोली हमीभावाच्या खालीं गेली तर वाळलेल्या मालास दुसरें दार असतें, ओल्यास नसतें.

बोली नाकारण्याचा हक्क मोठा आहे असें सर्वजण सांगतात. तो कागदावर मोठा आहे. साखरखेर्ड्याहून भाड्याच्या गाडींत माल नेलेला, गाडीवाला घाई करीत आहे, कृषि केंद्राची उधारी दसऱ्यापर्यंत फेडावयाची आहे. अशा माणसानें बोली नाकारावी कशी? परत आणण्याचें भाडें व हमाली मिळून क्विंटलामागें ८० रुपये पडणार असतील, तर ५० रुपये अधिक मिळतील ह्या आशेनें माल परत आणणें तोट्याचें आहे. म्हणून नकार देण्याची तयारी बाजारांत नव्हे, घरून निघण्यापूर्वीं करावी लागते. आदल्या दिवसांचे भाव मोबाइलवर पाहावेत, आपली किमान किंमत कागदावर लिहून ठेवावी, आणि बोली तिच्या खालीं आली तर माल कोठें ठेवावयाचा हें आधींच ठरवावें.

माल ठेवण्याची सोय आहे व ती आमच्या मतें पुरेशी वापरली जात नाहीं. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तींत बाजार समितीच्या गुदामांत ठेवलेल्या सोयाबीन, तूर, हरभरा इत्यादि मालाच्या किमतीच्या शेंकडा ७५ पर्यंत कर्ज द.सा.द.शे. ६ व्याजानें १८० दिवसांकरितां मिळतें. हीच कल्पना पुढें नेऊन २०१७ पासून नोंदणीकृत गुदामांच्या पावत्या संगणकावर निघूं लागल्या. एप्रिल २०२० मध्यें ई-नामवर अशी सोय झाली कीं माल गुदामांतच राहावा व पावतीच्या आधारें त्याचा लिलाव व्हावा. ह्या रीतींत नकार देण्यास भाडें पडत नाहीं. बोली आवडली नाहीं तर माल जेथें आहे तेथेंच राहतो. मात्र गुदामभाडें व व्याज दररोज चालू असतें हें विसरूं नये. भाव चढेलच अशी खात्री कोणीही देऊं शकत नाहीं. देणारा भेटल्यास त्यापासून दूर राहावें.

त्याच वेळीं शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही आपल्या संकलन केंद्रावरूनच माल लिलावास मांडण्याची वाट मोकळी झाली, आणि आम्हांस सर्वांत अधिक आशा ह्यांत दिसते. लातूरचा गिरणीवाला साखरखेर्ड्याच्या २० क्विंटलांकरितां गाडी पाठविणार नाहीं; पूर्ण ट्रक भरत असेल तर पाठवील. दहाबारा शेतकऱ्यांनीं एकाच जातीचें, एकाच चाळणीनें चाळलेलें व सारख्या ओलाव्याचें सोयाबीन एकत्र केलें कीं दूरची बोली येऊं शकते. अडचण मालाची नसून मनाची असते: माझा दाणा तुझ्याहून चांगला, मग भाव सारखा कां? ह्यास उपाय एकच, आंत घेतांनाच प्रत्येकाचा ओलावा व कचरा सर्वांसमक्ष मोजून वहींत लिहावा व पट्टी त्याप्रमाणें वांटावी. ओलावा मोजण्याचें छोटें यंत्र गांवच्या गटास परवडण्याजोगें आहे. सरकारी संस्था स्वतः ह्याच मार्गानें विकतात. कापूस महामंडळ आपल्या गांठी व नाफेड आपला हरभरा ऑनलाइन लिलावानेंच काढतें. आणि नाफेडचा साठा बाहेर पडूं लागला कीं हरभऱ्याच्या भावावर त्याचा दाब येतो. म्हणून हरभरा धरून ठेवणारानें त्या लिलावांच्या बातमीकडे लक्ष ठेवावें.

ऑनलाइन लिलावांत घेणारा म्हणून शेतकरी येतो तो बहुधा ट्रॅक्टरकरितां. हप्ते थकल्यामुळें बँका व वित्त कंपन्यांनीं ओढून आणलेले ट्रॅक्टर अशा रीतीनें विकले जातात. कोणाच्या तरी अडचणींतून आलेली ती वस्तु असते, ह्याची आठवण ठेवून आम्ही पुढील गोष्टी सांगतों. ह्या विक्रीची अट बहुधा "जसें आहे, जेथें आहे" अशी असते. म्हणजे बोली लागल्यावर इंजिनांत दोष निघाला तरी तक्रार चालत नाहीं. तेव्हां छायाचित्रावर न जातां मिस्त्रीस बरोबर घेऊन ट्रॅक्टर प्रत्यक्ष पाहावा, चालू करून पाहावा, इंजिन व चासीचे नंबर नोंदणी पुस्तकाशीं ताडून पाहावे, आणि कर्जाचा बोजा उतरल्याचें पत्र केव्हां मिळणार हें लेखी घ्यावें. बोलीपूर्वीं अनामत भरावी लागते. बोली लागल्यावर उरलेली रक्कम मुदतींत न भरल्यास ती जप्त होते. शेवटच्या क्षणीं कोणी बोली टाकली तर पुष्कळ ठिकाणीं वेळ आपोआप कांहीं मिनिटें वाढते, आणि ह्या वाढीव मिनिटांतच माणूस हट्टास पेटतो. आपली कमाल रक्कम घरीं बसून ठरवावी, त्यांत दुरुस्ती, टायर, विमा व नांव बदलण्याचा खर्च धरावा, आणि त्या रकमेपुढें बोट उचलूं नये.

फसवणुकीविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. अनामत संस्थेच्या नांवच्या खात्यांतच भरावी. कोणा साहेबाच्या खासगी नंबरावर मागितली तर ती लबाडी समजावी. तसेंच मोबाइलवरून पैसे घेण्यास गुप्त आंकडा कधींही लागत नाहीं, तो फक्त देण्यास लागतो. मालाचे पैसे पाठवितों, हें चित्र स्कॅन करून आंकडा दाबा, असें सांगणारा खरेदीदार नसून चोर असतो. असा प्रसंग घडलाच तर क्षणाचाही विलंब न करितां १९३० ह्या क्रमांकावर कळवावें व बँकेस फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं कळविलें तरच ती अडवितां येण्याचा संभव असतो.