उंबरठ्याबाहेरची दिल्ली

२९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलेले हरिपाल सिंग अहलुवालिया त्याच वर्षीच्या भारत-पाक युद्धात गोळी लागून जायबंदी झाले. मज्जारज्जूला इजा झाली आणि पुढचे सारे आयुष्य व्हीलचेअरवर गेले. उपचारांसाठी त्यांना इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला जावे लागले. त्याच युद्धात सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर गोळ्यांनी घायाळ झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकले. १९७४ मध्ये लष्कराने जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला पुनर्वसन केंद्र काढले. सर्वसामान्यांसाठीही अशी जागा हवी, हा ध्यास मेजर अहलुवालियांनी सोडला नाही. नव्वदच्या दशकात इटलीच्या सरकारच्या मदतीने दिल्लीच्या वसंत कुंजमध्ये इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर उभे राहिले.

पुनर्वसन म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. पाय चालत नाहीत एवढेच लोकांना दिसते. पण इजेच्या खालच्या भागात स्पर्श कळत नाही, लघवी आणि शौचावर ताबा राहत नाही, घामसुद्धा नीट येत नाही. म्हणून दिवस घड्याळावर चालतो: दर चार-सहा तासांनी कॅथेटर, ठरल्या वेळी शौच आणि खुर्चीत बसल्या बसल्या थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलणे. हे उचलणे राहिले की माकडहाडापाशी त्वचा लाल होते, मग फाटते आणि साधा वाटणारा बेडसोर माणसाला महिनोन् महिने पालथा झोपवून ठेवतो.

त्यात दिल्लीची हवा. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा मानेजवळ इजा झालेल्या माणसाचे शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. पाण्याची फवारणी आणि ओला टॉवेल हाताशी लागतोच. जानेवारीत उलटे संकट येते. हीटर पायांजवळ सरकला किंवा गरम पाण्याची पिशवी मांडीवर राहिली, तर कातडी भाजते आणि तरीही काही कळत नाही. मूत्रपिंडे आणि मूत्राशय नीट राहायचे तर भरपूर पाणी प्यायला हवे. पण बाहेर पडायचे म्हटले की अनेकजण सकाळपासून पाणी तोडतात, कारण खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह वाटेत मिळेलच याची खात्री नसते. शहराच्या बांधणीतली चूक अशी थेट माणसाच्या मूत्रपिंडांपर्यंत पोचते.

दिल्लीत जे बदलले, ते बव्हंशी खुर्चीत बसलेल्यांनीच बदलायला लावले. जावेद अबिदी हे त्यातले मोठे नाव. डिसेंबर १९९५ मध्ये अपंग कार्यकर्त्यांनी संसदेजवळ निदर्शने केली आणि त्याच अधिवेशनात अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर झाला. अबिदी तेवढ्यावर थांबले नाहीत. विमानात चढताना अपंग प्रवाशांना सामानासारखे उचलून नेले जाई; ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९८ च्या निकालाने सोयी व भाडेसवलतीची वाट मोकळी झाली. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्यासाठी कुतुबमिनारसारख्या वास्तूंपाशी घाईने लाकडी रॅम्प टाकले गेले. थोर पाहुण्यासाठी जे चार दिवसांत जमले, ते याच शहरात राहणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षे का जमले नव्हते, हा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर आला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान केंद्रांवर रॅम्प लागले, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर.

२५ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी ही दिल्ली मेट्रो सुरू झाली आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला प्रथमच लिफ्टने फलाटावर जाऊन, कुणी न उचलता, गाडीत शिरता आले. हे श्रेय मेट्रोच्या अभियंत्यांइतकेच सुगम्यतेसाठी झटणाऱ्या समर्थ्यमसारख्या संस्थांचेही आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास लो-फ्लोअर बसही आल्या. पण बसचा रॅम्प उघडून लावणारा वाहक हवा आणि बस थांब्याला लागून उभी राहायला हवी. मेट्रोच्या लिफ्टमधून बाहेर पडल्यावर तुटका पदपथ, त्यावर लावलेल्या स्कूटर आणि पदपथाची उंच कड लागतेच. नोएडा-गुरुग्रामच्या नव्या काचेच्या इमारतींसमोरही याहून वेगळे चित्र नाही.

गुरुग्रामच्या दीपा मलिक यांची कहाणी महाराष्ट्रातूनही जाते. १९९९ मध्ये कण्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर छातीखालचे शरीर लुळे पडले. पती लष्करात, अहमदनगरला असताना त्यांनी तिथे उपाहारगृह चालवले, पोहण्यात महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व केले आणि पुढे खास बदल केलेल्या गाड्यांतून मोटार रॅलीही केल्या. २०१६ मध्ये रिओला गोळाफेकीत ४.६१ मीटर फेक करून रौप्यपदक जिंकत त्या पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पदकाचे कौतुक आहेच. पण घर, मुली आणि धंदा सांभाळण्याची त्यांची ती वर्षेही तितकीच मोलाची, असे वाटते. कण्याला इजा झालेल्या बहुतेकांना पदक नको असते, कामावर जाणे आणि भाजी आणणे हवे असते.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. तरी सुगम्यतेचे निकष ‘मार्गदर्शक’च राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकषांना केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम रद्द ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक निकष आणायला सांगितले.

वाचकांनी मात्र दिल्लीची वाट पाहू नये. आपल्या इमारतीच्या दाराशी एक फूट चढ असेल, तर बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय आवर्जून मांडावा आणि रॅम्प झाल्यावर त्यावर गाडी लावू नये.