तेल खाणारे जंतु



७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन इंधनतेल समुद्रांत सांडलें. त्या दिवसांत वर्गांतील एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, हें तेल शेवटीं जाणार कोठें?" "लाटा नेतील वाहून," असें मीं सांगितलें. तें उत्तर अपुरें होतें. आज तें पुरें करावें म्हणतों.

खनिज तेल म्हणजे मुख्यत्वें कर्ब व हायड्रोजन यांच्या संयुगांचें मिश्रण. त्यांतील बेन्झीनसारखीं कांहीं द्रव्यें विषारी आहेत. परंतु समुद्रतळाच्या भेगांतून हें तेल लक्षावधि वर्षें पाझरत आलें असल्यामुळें त्यावर उपजीविका करणारे जंतुहि निर्माण झाले आहेत. स्वच्छ समुद्रांत ते अगदीं विरळ असतात. तेल सांडलें कीं त्यांची संख्या झपाट्यानें वाढते. समुद्रांतील 'अल्कॅनिव्होरॅक्स' आणि मातींतील 'स्यूडोमोनास' हे त्यांपैकींच होत.

हे जंतु प्रथम कर्बाच्या साखळीच्या टोकाला प्राणवायूचा एक परमाणु जोडतात. पुढें त्या साखळीचें स्निग्धाम्ल बनतें आणि मग दोन-दोन कर्ब-परमाणूंचे तुकडे तोडीत ती संपविली जाते. आपण खाल्लेल्या तुपाचा समाचार आपलें शरीरहि बव्हंशीं असाच घेतें. कांहीं कर्ब जंतूंच्या शरीरांत मुरतो. बाकीच्याचा कार्बन डायॉक्साइड होतो, आणि हायड्रोजनचें पाणी. सरळ साखळी लौकर तुटते. बेन्झीनचें कडें फोडणें अधिक कठीण. डांबरी गोळ्यांतील नॅफ्थलीनला अशीं दोन कडीं असतात. जितकीं कडीं अधिक, तितका विलंब अधिक. डांबरासारखा जड भाग तर बहुतेक तसाच राहतो.

२४ मार्च १९८९ रोजीं अलास्कांत 'एक्सॉन व्हॅल्डीझ' हें जहाज खडकावर आदळून सुमारें १ कोटि १० लक्ष गॅलन तेल सांडलें. किनाऱ्यावर जंतु होतेच. पण नुसत्या कडब्यावर बैलाचें भागत नाहीं, तसें नुसत्या तेलावर जंतूंचें भागत नाहीं. तेलांत कर्ब विपुल, परंतु नत्र व स्फुरद यांची वाण. म्हणून किनाऱ्यावर खत शिंपडलें गेलें, आणि तेथील तेल अधिक वेगानें कमी झालें. मात्र गोट्यांखालीं, जेथें प्राणवायु पुरेसा पोंचला नाहीं, तेथें दशकांनंतरहि तेल सांपडलें.

बंगालमध्यें जन्मलेले डॉ. आनंदमोहन चक्रवर्ती यांनीं अमेरिकेंत निरनिराळ्या जंतूंचे तेल पचविण्याचे गुण एकाच जंतूंत आणले. १९८० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं तो पेटंटास पात्र ठरविला. तरीहि उघड्या समुद्रावर त्याचा वापर झाला नाहीं. जमिनीवरील तेलाच्या बाबतींत तर साधी मशागतच बहुधा उपयोगी पडते: माती उकरावी, ओल राखावी, खत द्यावें आणि हवा खेळती ठेवावी.

तेव्हां माझें पुरें उत्तर असें: लाटा तेल फोडतात, ऊन्ह कांहीं भाग उडवितें, आणि बरेंचसें जंतु खातात, परंतु सावकाश. पंख माखलेल्या पक्ष्याला तितकी उसंत नसते, आणि विहिरीच्या झऱ्यांत, जेथें प्राणवायु थोडा, तेथें तर जंतुहि मंदावतात. म्हणून यंत्राचें जुनें तेल गटारांत ओततांना "जिरून जाईल" असें आपण म्हणूं नये. जिरणें आणि नाहींसें होणें यांत फार अंतर आहे.