झोपेत जीभ श्वासाच्या आड का येते?

‘किती गाढ झोपलाय, कसा घोरतोय बघा!’ असे आपण सहज म्हणतो. पण घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नाही. घशातली हवेची वाट अरुंद झाल्याची ती खूण आहे. त्यात जिभेचा मोठा वाटा असतो.

जिभेला पुढे कोण धरते?

जिभेमागचा घसा ही एक मऊ नळी आहे. श्वास आत ओढताना तिच्या भिंती आत खेचल्या जातात. त्याच वेळी जिनिओग्लॉसस हा स्नायू जिभेला पुढे ओढून वाट मोकळी ठेवतो. तो हनुवटीच्या हाडाच्या आतल्या बाजूने निघून जिभेत पंख्यासारखा पसरतो.

झोपेत काय होते?

झोप लागताच हा स्नायू सैलावतो. उताणे झोपल्यास जीभ मागे घसरते. वजन जास्त असेल तर जिभेतही चरबी साठलेली असते. वाट बंद होऊन श्वास 10 सेकंद किंवा अधिक थांबला, तर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू पुन्हा ताणला जातो आणि श्वास सुरू होतो. तासाला पाचपेक्षा जास्त वेळा असे होणे हा आजार आहे. रुग्णाला सकाळी यातले बहुधा काहीच आठवत नाही. म्हणून सोबत झोपणाऱ्याने सांगितलेली माहिती महत्त्वाची असते.

तुम्ही काय करावे?

• कुशीवर झोपा, वजन कमी करा.
• रात्री दारू टाळा. ती या स्नायूला आणखी ढिला करते.
• ‘झोप पुरत नाही’ म्हणून मनाने झोपेची गोळी घेऊ नका. काही गोळ्यांनी त्रास वाढतो.
• जिभेचे व्यायाम शिकून, रोज काही महिने केल्यास सौम्य त्रासात फायदा होऊ शकतो. पण ते मुख्य उपचारांची जागा घेत नाहीत.

मध्यम ते तीव्र आजारात सीपॅप यंत्र हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवते. ते न सोसणाऱ्या निवडक रुग्णांसाठी जिभेच्या मज्जातंतूला चालना देणारे, शरीरात बसवायचे उपकरणही आहे. अमेरिकेत त्याला 2014 मध्ये मान्यता मिळाली.

घोरण्यासोबत श्वास अडकणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा डुलकी लागणे किंवा आटोक्यात न येणारा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना भेटून झोपेची तपासणी करून घ्या. दिवसा डुलकी लागत असेल, तर तोवर गाडी चालवू नका.